मुका स्पीकर

कूलरच्या ताट्या बदलायचे दिवस परत आले. वाळ्याच्या नव्या ताट्या हातगाडीवर लादून माणसं फिरू लागली की नागपुरात उन्हाळा लागला असं समजायचं, मग पंचांगात काहीही लिहिलेलं असो. ओल्या वाळ्याच्या वासावर लोक इतकं हळवं होऊन लिहितात की मला शंका येते, यांच्या घरच्या कूलरला आवाज नसावा. आमच्या कूलरला आहे. तो एकदा सुरू झाला की घरातली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात आणि पावसाळ्यापर्यंत कोणी कोणाला हळूच काही सांगत नाही.

एका उन्हाळ्यात मात्र आम्ही तो भर दुपारी बंद ठेवायचो. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असायचं आणि आम्ही घामानं निथळत हॉलमध्ये गाणं ऐकत बसायचो. नवीन स्टिरिओ घेतला होता ना. कूलरच्या घरघरीत तो ऐकायचा कसा? शेजारणीनं एकदा दारातून डोकावून पाहिलं आणि वीज गेली का म्हणून विचारलं. वीज होती. अक्कल गेली होती, असं मी आता म्हणते.

आम्ही विणकर. महाल भागाच्या पलीकडच्या एका गल्लीत आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत बाबांचे पॉवरलूम होते. त्या खोलीला सगळे शेड म्हणत. नुसतं आमचंच नाही, गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात यंत्र होतं. सकाळी एकानं बटण दाबलं की ओळीनं सगळी घरं खडखडू लागायची. शाळेतून येताना मला गल्ली दिसायच्या आधी ऐकू यायची. आमच्या गल्लीत कोणी बहिरं नव्हतं, कारण ऐकू कोणालाच येत नव्हतं. सगळेच ओरडत. बारशाला ओरडत, मयतीलाही ओरडत. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी मला म्हणायच्या, तू एवढी भांडल्यासारखी काय बोलतेस? मला वाटायचं, या मुलींचेच घसे अशक्त आहेत.

फक्त आई ओरडत नसे. तिचा आवाजच बारीक. सुरुवातीला ओरडून पाहिलं असेल तिनं, मग सोडून दिलं. ती बोलायची आणि तिचं बोलणं यंत्रात जायचं.

पुढे विणकामात काही राहिलं नाही. बाबांनी यंत्रं विकली, भंगाराच्या भावानं. मी शहराबाहेरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होते, लग्न केलेलं नव्हतं, तिकडेच फ्लॅट घेतला होता. दोघांना घेऊन आले. नव्या वस्तीत दुपारी इतकी शांतता असे की फ्रिज सुरू झालेला कळे. आईला ती शांतता फार आवडली. मलाही वाटलं, चला, आता या घरात तरी ही दोघं चार शब्द बोलतील.

कसचं काय. त्या शांततेत मला पहिल्यांदा नीट दिसलं की आई बोलते आणि बाबा उत्तरच देत नाहीत. "भाजी कायची करू?" ती विचारायची. बाबा खिडकीबाहेर पाहत बसलेले. ती थोडा वेळ थांबायची आणि मग तिच्या मनानं काहीतरी चिरायला घ्यायची. "दवाखान्यात जायचं होतं." बाबा पेपर उलटायचे. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मी बोलले की मात्र उत्तर मिळे, कारण मी गल्लीतली, अजूनही भांडल्यासारखीच बोलणारी. मला वाटायचं, हा माणूस बायकोला मोजत नाही. आईला हे माझ्याआधी पुष्कळ वर्षं वाटत आलं होतं, आणि तिच्याकडे त्याला कारण होतं.

ते कारण तिनं मला एकदाच नाही, अनेकदा सांगितलं आहे. शेंगा सोलताना, उशा भरताना, कधीही. तिचं माहेर उमरेडचं. तिची आई, म्हणजे माझी आजी, अंथरुणाला खिळली होती आणि एका संध्याकाळी निरोप आला की आता येऊन जा. आई पुढच्या खोलीत गेली. लग्नसराई होती, चारही यंत्रं चालू होती. ती बाबांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "माय लय बिमार हाय, मले आजच उमरेडले न्या." बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घालून तुटलेला धागा सांधायला लागले. ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली आणि तिनं कणीक मळली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गेल्याचाच निरोप आला. मग गेले दोघं, एसटीनं. त्यानंतर आईनं बाबांकडे काही मागितलं नाही. भांडलीही नाही. भाजी कायची करू, एवढंच विचारायची, तेही उत्तर येणार नाही हे धरूनच.

बाबांनी मात्र माझ्याकडे एक गोष्ट मागितली. सगळी हयात त्यांनी गाणं यंत्रांच्या आवाजाखाली ऐकलेलं. शेडात रेडिओ असायचा, पण तो चालू आहे हे त्याचा दिवा पाहूनच समजायचं. ते म्हणाले, "आता एक चांगला बाजा घेऊन दे. एक गानं अव्वल ते आखिर आयकायचं हाय मले." हे मागणं मला इतकं आवडलं की मी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत फोनवर स्टिरिओबद्दलच वाचत बसू लागले. खिशाला परवडेल असा दोन स्पीकर चालवणारा साधा रिसीव्हर, शेल्फवर मावतील असे दोन स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक छोटा सबवूफर. दिवे नकोत, नाचणारे काटे नकोत.

मी आणि बाबा सदर बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी एक लांबलचक पट्टी दाखवली. "ताई, आजकल सब साउंडबार घेतात. एक वायर, झंझट खतम." मी म्हटलं, मले दोन स्पीकरचंच पाहिजे. मग त्यानं माणसाच्या उंचीचे, निळे दिवे लावलेले दोन खांब दाखवले, सोबत माईक फुकट. "पूरी बिल्डिंग हिलते, ताई." बिल्डिंग हलवायची नाही म्हटल्यावर तो म्हणाला, घरी साहेबांना एकदा विचारून घ्या. साहेब नाहीत, असं सांगितलं, तेव्हा तो बाबांकडे वळला आणि वॉट, ओहम, वॉरंटी, सगळं त्यांनाच समजावून सांगू लागला. विकत घेणारी मी, वाचून आलेली मी. बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मी मनातल्या मनात दोघांवरही चिडले होते. त्यातलं बाबांना किती ऐकू येत होतं, ते मला आज माहीत आहे.

रविवारी जोडणी केली. रिसीव्हरच्या पाठीमागे लाल आणि काळ्या अशा जोड्या, स्पीकरच्या पाठीमागेही तशाच. वायरचं टोक सोलायचं, आतल्या तांब्याच्या बारीक तारा पिळायच्या आणि लाल ते लाल, काळं ते काळं घट्ट करायचं. काम पोराबाळांचं, पण माझ्या तारा विस्कटायच्या. बाबांनी माझ्या हातातून वायर घेतली, बोट जिभेला लावलं आणि तारा अशा पिळल्या की टोक सुईसारखं झालं. आयुष्यभर धागे सांधलेली बोटं ती. त्या दुपारी आम्ही दोघं फरशीवर बसून खूश होतो, हे सांगायला हवं, कारण पुढे तशी वेळ फारशी आली नाही.

गाणं लावलं तर ते पोकळ येत होतं, विहिरीतून आल्यासारखं. बराच वेळ मी रिसीव्हरची बटणं फिरवत राहिले. मग लक्षात आलं की एका स्पीकरला माझ्याकडून लाल-काळं उलटं लागलं होतं. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते. ते सुलटं केलं आणि गाणारी बाई एकदम दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीत जिथं काहीच नव्हतं तिथं, उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला. मी विचारलं, "बाबा, आता?"

"पयलेसारखंच हाय."

मला राग आला. एवढा फरक आणि या माणसाला कौतुकाचा एक शब्द सुचू नये?

सबवूफर मात्र त्यांना एकदम पसंत पडला. ती लाकडी पेटी कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवली होती. त्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, "हा कामाचा हाय." आणि त्याचं बटण वाढवलं. भिंतीपलीकडे आईच्या मांडणीतली पातेली थरथरू लागली. "थोडं कमी करा नं," आतून आईचा आवाज आला. बाबांनी आणखी वाढवलं. आईनं मग एक जुनी साडी फाडली आणि एकेका भांड्याखाली तिची घडी ठेवली. मी ते पाहत होते. मला वाटलं, या बाईची सगळी जिंदगी अशीच गेली, दुसऱ्याच्या आवाजाखाली चिंधी घालण्यात.

तरी बाबांचं समाधान होईना. कूलर बंद करायचा, पंखासुद्धा बंद, आणि ते पुढे वाकून बसायचे. "तबला येते. पेटी येते. बाईचं नुसतं हूं हूं येते. बोल कुठं हाय?" मी म्हणायची, चांगले स्पष्ट येतायत की. एके दिवशी त्यांनी स्पीकरवरची जाळी काढली. खाली मोठा पडदा आणि त्याच्या वर एक छोटासा घुमट, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. मोठ्याला त्यांनी हलकंच बोट लावलं, तो हलत होता. छोट्याला कान लावला. दुसऱ्या स्पीकरच्या छोट्यालाही लावला.

"हे वरचे दोनी मेले हायेत," ते म्हणाले. "फसवलं तुले."

मी कान लावला. झांजांची किणकिण, बाईच्या बोलांतले स आणि त, सगळं त्यातूनच येत होतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगत होतो मी. मले नको शिकवू." झालं. भर मे महिन्यात, दुपट्टा डोक्याला बांधून, दोन्ही स्पीकर मागच्या सीटवर घालून आम्ही पुन्हा सदरला गेलो. बाबा वाटभर दुकानदाराला काय काय सुनवायचं ते ठरवत होते.

दुकानदारानं स्पीकर लावले, कान लावला, म्हणाला, "चालू आहे नं, काका." बाबा म्हणाले, मेला आहे. दुकानदारानं हसत दुसरी नवी जोडी खोक्यातून काढली. "घ्या, ही घेऊन जा." गाणं सुरू झालं. बाबांनी वाकून कान लावला. "हाही मेलेला हाय." दुकानातली गिऱ्हाइकं आता पाहू लागली होती. दुकानदार हसायचा थांबला. त्यानं बाजूची, आमच्याहून कितीतरी महागडी जोडी लावली आणि आवाज वाढवला. गाणारीचा आवाज दुकानभर झाला, एक बाई कानावर हात ठेवून बाजूला सरकली. बाबा त्या घुमटाला कान लावून वाकलेले होते. बराच वेळ तसेच होते. मग ते सरळ झाले, आणि दुकानातल्या सगळ्यांचे चेहरे त्यांनी पाहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "आमचेच बांधून द्या."

दुकानदारानं स्पीकर स्वतः गाडीपर्यंत आणले. मला बाजूला घेऊन काहीतरी सांगणार होता, पण मी मान हलवली आणि तो गप्प झाला. भला माणूस. मी त्याच्याबद्दल वर जे काही लिहिलं आहे ते तसंच राहू द्यावं लागेल, पण हेही लिहायला हवं.

गाडीत बाबा पुढे बघत बसले होते. सिग्नलला म्हणाले, "तुह्या मायले नको सांगू."

"काहून?"

"बहिरा म्हनन."

म्हणजे या माणसाला बायकोनं दगड समजलेलं चालत होतं, हट्टी, मुजोर, आतल्या गाठीचा, काहीही समजलेलं चालत होतं. बहिरा तेवढा नको होता. गल्लीत सगळ्यांत मिसळून गेलेली ही गोष्ट माझ्या त्या शांत फ्लॅटनं उघडी पाडली होती आणि त्याचा दोष त्यांनी स्पीकरवर घातला होता.

कानाच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दिला. जाड आवाजांपाशी रेघ सपाट चालते आणि पुढे एकदम घाट उतरते. यंत्रांजवळ काम करणाऱ्यांचं असंच होतं, ते म्हणाले, आणि तरुणपणापासूनच होत येतं. बारीक आवाज आधी जातात. बोलणं चाललंय हे कळतं, पण शब्द कळत नाहीत. बायकांचं, लहान मुलांचं बोलणं सगळ्यांत आधी. मी तो कागद घेऊन जिन्यात उभी राहिले आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वडील बहिरे निघाले म्हणून आनंद होणारी मुलगी मी एकटीच असेन. पण माझं सगळं लहानपण त्या कागदानं धुऊन निघालं होतं. शेडाच्या दारातून मी मारलेल्या हाका, दाखवलेलं प्रगतिपुस्तक, त्यांचं न वळलेलं तोंड. त्यांनी टाळलंच नव्हतं कधी कोणाला. आणि उमरेड. उमरेडचं तर सगळं कोडंच सुटत होतं. आईसाठी यापेक्षा मोठी भेट मला आयुष्यात देता येणार नव्हती. बाबांनी सांगू नको म्हटलं होतं, पण असलं कोणी पोटात ठेवतं का?

आई गॅलरीत मुगवड्या घालत होती. जुन्या धोतरावर बोटांनी एकेक वडी सोडत ओळ पूर्ण करत होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. दुकान, डॉक्टर, आलेख. "बाईमाणसाचा आवाज पयले जाते, आई. तू बोलली का त्यांले नुसतं हूं हूं यायचं. उमरेडले न्या म्हटलं तेव्हा पण. त्यांले ऐकूच आलं नव्हतं वं."

आईनं ती ओळ पूर्ण केली. "मंजे तवा आयकू नाई आलं त्यायले."

"नाही आलं."

"खरं असन." तिनं बोटं पातेल्याच्या काठाला पुसली. "मशीन चालू असली का शेडात कोनालेच आयकू नाई ये. बॉबिन भरनारी बाई तिकडल्या टोकाहून नुसतं तोंड हालवे. सूत संपलं म्हने. तुह्या बाबाले समजे. चाहावाला दारातून तोंड हालवे, तं हे दोन बोटं दाखवे. ओठ पाहूनच बोलत सगळे तिथं. मले तं हसू ये पाहून."

मी आलेखाचा कागद हातात धरून होते.

"मी पन समोरच उभी होती," आई म्हणाली. "माह्या तोंडाकडे पाह्यलं त्यायनं. डोये भरून आले होते माहे. आता नाईच समजलं, तं मानूस मशीन बंद करते. बंद करून विचारते, का झालं वं, म्हनून."

तिनं पुढची ओळ सुरू केली. मी कागदाची घडी केली, आणखी एक केली. माझ्याकडे डॉक्टर होते, आलेख होता, यंत्रांच्या आवाजाचं सगळं शास्त्र होतं, आणि त्यातलं काही म्हणजे काही कामाचं नव्हतं. मला आईचाही राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी सोपी क्षमा समोर ठेवली होती, घेऊन टाकायची की. पण ती खरं बोलत होती.

बाबांना ऐकायचं यंत्र मिळालं, दोन्ही कानांना. सुरुवातीला पिशवीची चुरचुर आणि कुकरची शिट्टी ऐकून दचकायचे. गाणं त्यांनी अव्वल ते आखिर ऐकलं, बोलांसकट, आणि म्हणाले, चांगलं हाय, पण मले वाटलं होतं तेवढं नाही. स्टिरिओ अजूनही त्याच भिंतीला आहे. रोज दुपारी लावतात.

आता ते विचारतात. आई आतून बाहेर आली, साडीची सळसळ झाली, की हात लांबवून रिसीव्हरचा आवाज पार खाली आणतात, तोंड वळवतात, आणि सगळं लक्ष देऊन विचारतात, "काय म्हनली वं?"

"काई नाई," आई म्हणते.

त्यांना वाटतं, ती रागानं म्हणते. ते माझ्याकडे पाहतात, म्हणजे मी सांगावं. पण मला काय सांगायचं असणार? ती खरोखरच काही म्हणालेली नसते.